काचेखालचं गाव

काम अगदी साधं होतं. सावली गावाला जायचं, एक लाकडी नमुना उचलायचा आणि चारच्या मोटारीनं चांद्याला परत यायचं. अठ्ठावन्न सालचा वैशाख. दिवा जरा जवळ घ्या, म्हणजे मला तुमचे चेहरे दिसतील. ही गोष्ट मी अंधाराकडे बघून सांगत नसतो.

आधीच सांगतो, भुताखेताची बातमी मी उभ्या आयुष्यात छापू दिली नाही. भुतांपेक्षा ठेकेदार जास्त माणसं मारतात, हे माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे.

आदल्या भाद्रपदात पाथरटोल्याचा तलाव फुटला आणि पाळीखालचं, म्हणजे बांधाखालचं, मासे धरणाऱ्या ढिवरांचं गाव झोपेत वाहून गेलं. सांडव्यावर ठेकेदारानं नुकतंच नवं लोखंडी दार बसवलं होतं. पाणी चढलं की राखणदारानं चाक फिरवून ते वर उचलायचं. राखणदार मुखरू गळा फाडून सांगत होता, की दार हातभर उचललं आणि अडकलं. ऐकतो कोण! तो दारू पिऊन पडला होता, असं ठरलं. मग ते दार तरी दाखवा, असं मी लिहिलं, तर ठेकेदाराच्या माणसांनी पंचनाम्याआधीच ते तोडून भंगारात घातलेलं. ज्याची सहा वर्षांची पोर त्या पाण्यात गेली, तोच माणूस तुरुंगात! चांद्याला चौकशी लागली होती. तीत ठपका बसला की मुखरूचं उरलेलं आयुष्य सक्तमजुरीत जाणार, हे उघड होतं.

त्याची बायको शकुबाई माझ्या छापखान्याच्या पायरीवर येऊन बसली.

"भाऊ, ते दार अजून आहे."

"कुठे?"

"सावलीले, साहेबाच्या घरी. आमचं सारं गाव आहे तिथी. तलाव, दार, सारं. लहानसं."

साहेब म्हणजे ओव्हरसिअर गुणवंतराव. हाताखालचं काम पुरं झालं, की जसं झालं तसं मापात उतरवून सागाच्या लाकडात त्याचा नमुना करायचा, आणि घरात मांडून ठेवायचा, हा त्यांचा नाद. दिवाळीत तापानं गेले. पाथरटोल्याच्या दाराचा, खालच्या गावासकट, नमुना त्यांनी तलाव फुटण्याआधीच पुरा केला होता. यापेक्षा चांगला साक्षीदार मला कुठे मिळणार होता?

शकुबाईला घेऊन मी सावलीला पोचलो तेव्हा माथ्यावर ऊन होतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. गुणवंतरावांच्या पत्नी गुणाबाईंनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं आणि लगेच लावूनही घेतलं.

आत अंधार. खिडक्यांना जाड कांबळी लावलेली. "उन्हानं सरस सुटते," त्या म्हणाल्या. "साहेब म्हनत, तयार नमुन्याले तीन वैरी. ऊन, ओल आनि वाळवी." डोळे सरावले तशी मांडणी दिसू लागली. भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेल्या फळ्या, फळ्यांवर काचेच्या पेट्या. डाकबंगला, शाळा, कमानींचा पूल. प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात कापराची वडी आणि कडुलिंबाचा पाला. एकावर एक काहीही ठेवलेलं नाही. माणूस नीटनेटका होता.

पाथरटोल्याची पेटी मात्र त्या खोलीत नव्हती.

ती मागच्या खोलीत होती, मधोमध, एका चौरंगावर. काच आतून धुरकटलेली. वैशाखात, सावलीसारख्या गावात, भर दुपारी, काचेला आतून घाम आलेला!

"हे काय?" मी विचारलं.

"बाहेरून पुसते मी रोज," गुणाबाई म्हणाल्या. "आतून नाई पुसता येत."

कापराचा वास तिथेही होता. पण त्याच्याखाली दुसरा वास होता. गाळाचा, शिंगाड्याच्या वेलीचा, मासळीचा. थेंब पडल्यासारखा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मी माठ शोधला. त्या खोलीत माठ नव्हता.

मी पेटीला हात घातला. काच बर्फासारखी गार होती.

"उचलू नका, भाऊ," गुणाबाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू. "तो आता नमुना नाई राह्यला."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आपल्याकडे माणूस गेला की दहाव्याला घरात पीठ पसरतात, त्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळी पाऊल उमटलं का ते बघतात. मेलेला माणूस एकदा घरी येऊन जातो, म्हणून. पण पाथरटोल्याला घरच उरलं नव्हतं. येणारा येणार कुठे? वाचलेली माणसं गुणवंतरावांच्या ओट्यावर येऊन बसली. आमची घरं तुमच्याजवळ आहेत, म्हणाली. गुणवंतरावांनी काच काढली. एकेक छप्पर उचललं. ज्याचं त्यानं आपापल्या घरात चिमूटभर पीठ टाकलं.

"सकाळी पाह्यलं?" मी विचारलं.

"पाह्यलं."

"मग?"

"साहेबानं छपरं परत बसवली... आनि सरसानं चिकटवून टाकली."

मला संताप आला. भीती वाटली की मला संतापच येतो. "बाई, मेलेल्यांसाठी जिवंत माणूस तुरुंगात सडू द्यायचा का? उद्या चौकशी आहे!"

"मी कुठी नाई म्हनलं? पन घर हलवाचं तं घरच्याले इचारा लागते ना." त्यांनी शकुबाईकडे पाहिलं. "तू इचार, बाई. तुही पोट्टी आहे तिथी."

शकुबाई पुढे झाली. तिनं काच उचलून बाजूला ठेवली. गार वाफ माझ्या तोंडावर आली. पाळीखाली हातभर जागेत ते गाव होतं. कौलं नखाएवढी, दारं काड्यापेटीतल्या काडीच्या उंचीची. पाळीजवळच्या एका घराशी ती वाकली आणि नखानं दारावर टिचकी मारली.

"रंभा... ओ रंभा..."

थेंबांचा आवाज थांबला.

"बाबाले आनाले चाललो, मा. चांद्याले. तुमचं गाव नेतो संगं. नेऊ का?"

तिनं कान छपराला लावला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी गुणाबाईंकडे पाहिलं तर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

शकुबाई उठली. "चालते म्हनते."

"झालं तर मग," मी मोठ्यानं म्हणालो. उगाच मोठ्यानं.

"बाकीचे भिऊन राह्यले. आडवंतिडवं नोका करू म्हनते, भाऊ... पानी हलते म्हनते."

पेटी आम्ही दोघांनी उचलली. साग हलका नसतो, मान्य. पण तेवढ्या पेटीला चार माणसं लागावीत असं तिचं वजन होतं. मोटारीत मात्र शकुबाईनं ती एकटीनं मांडीवर घेतली आणि लुगड्याच्या पदरानं झाकली.

"काय नेऊन राह्यली वो बाई?" कंडक्टर म्हणाला.

"गाव."

"अख्खं गाव? मंग तिकीट फुल लावू का हाफ?"

मोटार हसली. मीही हसलो. शकुबाई हसली नाही. खड्डा आला की ती पदराखाली तोंड घालून पुटपुटे, "झालं, झालं... बसा..." चांद्याला उतरलो तेव्हा तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. मी पेटीखाली हात फिरवून पाहिला. फळी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत नमुना टेबलावर मांडला. मुखरू दोन शिपायांच्या मध्ये उभा होता. त्यानं टेबलावर आपलं गाव पाहिलं आणि खाली मान घातली, ती वर केली नाही. अधिकारी शांत माणूस होता. त्यानं स्वतः ते चिमुकलं चाक फिरवलं. दार थोडं उचललं गेलं आणि अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच. दाराच्या दोन्ही बाजूंचे खांब वर जाता जाता एकमेकांकडे झुकलेले होते. आंधळ्यालाही दिसलं असतं.

ठेकेदाराचे वकील उभे राहिले. बापूजी वकील म्हणत त्यांना. जाडजूड, हसतमुख, जीभ तिखट. मला त्यांचा राग होता, आणि त्यांची जरा धास्तीही होती.

"साहेब, या पत्रकारबुवांनी आज बाहुलीघर आणलंय. उद्या बाहुल्यांची जबानी घ्यायला लावतील." लोक हसले. मग त्यांनी खांबावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, पण हे लाकूड तर ओलं आहे! फुगलंय! फुगलेलं लाकूड अडकणारच. यात ठेकेदाराचा काय दोष?"

 माणूस खोटं बोलत नव्हता. लाकूड ओलंच होतं. अधिकाऱ्यानं चष्मा काढला आणि मान डोलावली. मुखरूच्या दंडावरची शिपायाची पकड घट्ट झालेली मी पाहिली.

"बघा ना, आतूनसुद्धा," बापूजी म्हणाले. पाळीजवळच्या घराचं दार ढकलून त्यांनी उजव्या हाताचं बोट आत घातलं. "आत नुसता चिखल..."

ते थांबले.

हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे हसेनात. त्यांनी हात मागे घेतला, तसा अख्खा नमुना टेबलावरून इंचभर सरकला. दाराची चौकट तर बोटापेक्षा मोठी होती. मला स्पष्ट दिसत होतं, बोट कशातही रुतलेलं नव्हतं.

"सोडा," ते हळूच म्हणाले.

"काय झालं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"सोडा... अहो, कोणी तरी... सोडा म्हणावं..."

 शकुबाई भिंतीशी बसली होती. ती उठली, टेबलाजवळ गेली, आणि कुणालाही न विचारता त्या छपराशी वाकली.

"सोड मा," ती म्हणाली. "त्याईले बोलू दे."

बोट बाहेर आलं. बापूजींनी ते मुठीत धरलं आणि खुर्चीवर बसले. त्यांच्या कपाळावरचा घाम थेट कागदांवर टपकला.

"तुमची हरकत?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"नाही," बापूजी म्हणाले. "हरकत नाही. खांब झुकलेले आहेत. दार... उघडलं नसतं."

मुखरू सुटला. ठेकेदाराचं काय झालं विचारू नका; मी त्यावर वर्षभर लिहिलं आणि दोन खटले अंगावर घेतले. नमुना त्या नवरा-बायकोनं नेला. त्यांच्या नव्या झोपडीत तो उन्हापासून दूर, कांबळीआड ठेवलेला असे.

पावसाळा सरता सरता बापूजी वकील एकदा माझ्याकडे आले. बरेच वाळले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उजव्या बोटाला फडकं गुंडाळलेलं होतं, ते त्यांनी माझ्यासमोर सोडलं. बोट पांढरंफटक होतं आणि सुरकुतलेलं, दिवसभर पाण्यात राहिल्यावर होतं तसं. चांद्याच्या डॉक्टरला दाखवलं, नागपूरला दाखवलं, म्हणाले. कोरडं होत नाही.

"ती मुलगी केवढी होती?" त्यांनी विचारलं.

"सहा वर्षांची."

त्यांनी मान हलवली. ते फडकं पुन्हा बोटाला गुंडाळू लागले.

"ती एकटी असती तर मी समजलो असतो," ते म्हणाले. "पण मला सांगा, तुम्ही शिकलेले आहात... एका बोटाला किती जण धरू शकतात?"