डावखुरा टाका

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे. कुणाला थाप वाटली तर वाटू दे. ती सांगताना मावशी अजूनही रागाने थरथरते, आणि थापा मारणारा माणूस इतका चिडत नाही.

आणि हे रात्री घडलं नाही. भर उन्हात, सुट्टीवर आलेल्या माणसांनी गजबजलेल्या एका बेटावर घडलं.

मावशी कपडे शिवते. तिचे यजमान, आमचे काका, पुढे चालतात.

लग्नापासून तेच. मागे वळून बघणं त्यांना ठाऊक नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते अर्धे चौकटीबाहेर आहेत.

त्या सकाळी बोटीतच काकांच्या निळ्या शर्टाचं छातीवरचं बटण तुटलं आणि पाण्यात पडलं.

"दुसरं लावून दे ना," काका म्हणाले.

सुईदोरा पर्समध्येच होता. पण मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. "आधी माझ्यासाठी थांबायला शिका, मग लावते."

काका हसले. बेटावर उतरले आणि चालायला लागले.

मावशी चपला हातात घेऊन त्यांच्या पावलांमागे निघाली. ओल्या वाळूत ठसे स्वच्छ उमटले होते. थोडं पुढे गेल्यावर काकांच्या ठशांशेजारी...

दुसरे ठसे सुरू झाले.

लहान. अनवाणी. थेट पाण्यातून वर आलेले.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण काकांचे ठसे तिथून जवळजवळ पडले होते. ते सावकाश चालत होते.

किनाऱ्यामागे दुकानांची रांग होती. टोप्यांच्या दुकानात तिने विचारलं, "निळ्या शर्टातले गृहस्थ इकडे आले होते का?"

"आत्ताच गेले, ताई. बाई होत्या बरोबर. साहेब त्यांना टोप्या घालून बघत होते." टोपीवाली फरशी पुसत होती. "केस फार ओले होते हो त्यांचे."

शिंपल्यांच्या दुकानातही तेच. "बाई मागे रेंगाळल्या, तर साहेब दारात उभे राहिले. असा नवरा मिळायला नशीब लागतं."

"लागतं ना," मावशी दात खाऊन म्हणाली. दुकानात शिरायचं, चौकशी करायची आणि चिडून बाहेर पडायचं, एवढंच तिने दिवसभर केलं. समुद्राकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी काका धक्क्यावर सापडले. बाकाच्या एका टोकाला, शेजारी जागा सोडून बसले होते. एकटेच.

"कोण होती ती?"

"कोण ती? तूच तर होतीस. आत्ता उठून गेलीस." काका खुशीत होते. "आज किती छान चाललीस बरोबरीने. एकदाही कुरकुर नाही. हात तेवढा गार पडला होता तुझा."

मावशीने बाकाकडे पाहिलं.

शेजारची जागा ओली होती.

आणि काकांच्या शर्टाला...

बटण होतं. तेच, सकाळचं.

तिने बोटाने चाचपलं. बटणाखाली दोरा उलटा गुंडाळलेला. डावखुऱ्या हाताचं काम. मावशी उजव्या हाताने शिवते.

तिने बटण उपटलं आणि समुद्रात भिरकावलं.

घरी येऊन कपडे वाळत घातले, तेव्हा ते पुन्हा शर्टावर होतं.

ती कोण, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. मावशीला तिची भीती वाटत नाही, संताप येतो. "मी जन्मभर मागून हाका मारल्या, तेव्हा हे थांबले नाहीत. आणि थांबायला शिकले कुणासाठी?"

गेल्या आठवड्यात काकांबरोबर बाजारात जायचा प्रसंग आला. काका सावकाश चालत होते. कोपऱ्यावर थांबले.

"जरा थांब," मला म्हणाले. "तिला येऊ दे."

मावशी घरी होती.

मी मागे वळून पाहिलं नाही.