दोघींचं सामान

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात रोहितभाईंचं बॅगांचं दुकान इतकं चिंचोळं, की दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. त्या संध्याकाळी ही पाळी मिनलवर आली. समोरच्या माणसाच्या हातात कपडे भरायच्या जाळीदार पाऊचचा शेवटचा संच होता, आणि तिला नेमका तोच हवा होता.

"घ्या तुम्हीच," तो म्हणाला. "पण आधी सांगा, कपड्यांची घडी घालता की गुंडाळी करता?"

"घडी. का?"

"मग नका घेऊ. घडीवाल्यांना यात हवं ते कधी सापडत नाही. सुरकुत्या तेवढ्या सापडतात."

मिनल हसली. कितीतरी दिवसांनी हसू आलं आणि तेही कुठे, तर बॅगांच्या दुकानात... तिचा तिलाच राग आला.

तो निकेत. जुन्या भाईंदरमधल्या कोळी घरातला, जहाजावर इंजिन रूममध्ये नोकरीला. कपाटाएवढ्या केबिनमध्ये महिनोन् महिने राहून सामान आवरण्यात तयार झालेला.

"कुठे चाललाय?" त्याने विचारलं.

"सौराष्ट्र. सोमनाथ, द्वारका. काशीमीऱ्याहून बस सुटते."

"एकट्याच?"

"नाही... आई आहे ना बरोबर."

आई श्रावणात गेली होती.

टूरच्या दोन सीट आईनेच हट्टाने बुक केल्या होत्या, खिडकीची स्वतःसाठी. मिनलने ती सीट रद्द केली नव्हती. नातेवाइकांना कळवणं, सोसायटीत सांगणं, सगळं मामाने केलं. 'आई गेली' एवढं वाक्य मिनलच्या तोंडून अजून एकदाही निघालं नव्हतं. परक्या माणसापुढे तरी ते कशाला काढायचं? तो काय पुन्हा भेटणार होता!

तो पुन्हा भेटला. त्याच दुकानात, दोनच दिवसांनी.

"पाऊच कसे वाटले आईंना?"

"निळे नको म्हणाली. मळखाऊ रंग हवा होता तिला."

"बरोबर आहे त्यांचं. माझी आयपण हेच म्हणते." मग त्याने आपणहून विचारलं, "बस लागते का त्यांना?"

"लागते. लिंबू चोखत बसते."

"मग पुढची सीट मागून घ्या. आणि औषधांची पिशवी मोठ्या बॅगेत नाही हं टाकायची, खांद्यावरच्या पिशवीत. रोहितभाई, वो छोटावाला दिखाओ ना, कप्पेवाला."

"आप दोनों का रोज का हो गया है," रोहितभाई पिशवी काढत म्हणाले. "बेन, इनके सामने मैं क्या बेचूँ? सब तो यही बेच देता है."

खरेदी हळूहळू लांबत गेली. चार्जरच्या वायरी ठेवायचं पाकीट, कुलूप, मानेखाली घ्यायची उशी. एका दिवसात सहज झाली असती, पण दोघांनाही ती एका दिवसात उरकायची नव्हती. दुकानातून निघाले की समोरच्या टपरीवर चहा व्हायचा.

"तू चहात इतकं आलं घालायला का सांगतेस?" एकदा त्याने विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"आईची सवय. ठसका लागला नाही तर तो चहाच नव्हे, म्हणते ती."

"सासूबाई कडक दिसतात."

"कोणाच्या सासूबाई?" मिनलने भुवया उंचावल्या.

"ज्याचं नशीब असेल त्याच्या—" म्हणत त्याने ग्लास तोंडाला लावला. कान मात्र लाल झाले होते.

त्या दिवशी सिल्व्हर पार्कला घरी येताना मिनल रिक्षात एकटीच हसत होती. दार उघडलं आणि सवयीने म्हणाली, "आई, ऐक ना..." आत पंखासुद्धा बंद होता.

निकेतच्या आईने, कृष्णाबाईंनी, सुक्या जवळ्याची चटणी पाठवली. 'प्रवासात तुज्या आयला तोंडी लावाला.' मिनलने ती आठवडाभर एकटीने खाल्ली आणि त्याला सांगितलं, "आईला तिखट लागली, पण संपवली तिने." बोलताना तिला लाज वाटली नाही. उलट वाटलं, साऱ्या मीरा-भाईंदरमध्ये एवढी एकच जागा उरलीय, जिथे आई अजून तिखट म्हणते, रंग नापसंत करते, लिंबू चोखते. त्या जागेवर तिचं प्रेम बसलं होतं. आणि तिथे भेटणाऱ्या माणसावरही. कशावर जास्त, हे तिने स्वतःला विचारायचं टाळलं.

बस सुटायच्या आदल्या दिवशी निकेत दुकानाबाहेरच उभा होता. हातात घडीची काठी.

"आईंसाठी," तो म्हणाला. "द्वारकेला पायऱ्या आहेत. ही बघ, अशी बॅगेत मावते." त्याने काठीचे तुकडे एकावर एक दुमडले, रबरी पट्टी लावली. "अजून एक. आय उद्या सकाळी तुमच्याकडे यायचं म्हणतेय. तुम्ही निघायच्या आधी. नारळ नि खण काढून ठेवलाय तिने. पोरीच्या आईला आधी भेटायचं, मग पोरीला विचारायचं, असं तिचं असतं. मी म्हटलं, पोरीला मीच आधी विचारतो..."

मिनल काठीकडे बघत राहिली.

"निकेत, आई गेली."

"कुठे गेल्या?"

"श्रावणात. आपण भेटायच्या आधी."

बाजाराचा गलका तसाच चालू होता.

"पहिल्या दिवशी नाही सांगितलंस, समजू शकतो," निकेत म्हणाला. "पण चटणी? पाऊचचा रंग? परवा मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, तेव्हा?"

"तिला असंच सगळं आवडायचं, नावडायचं. त्यातलं काही खोटं नव्हतं."

"मला भेटायला यायचीस, की त्यांना?"

मिनलला 'तुला' म्हणता आलं असतं. पण आणखी एक खोटं तिच्याने बोलवलं नाही. "आता नाही सांगता येत," ती म्हणाली.

"आयला काय सांगू मी? ती घरात विहीणबाई विहीणबाई करत फिरतेय." त्याचा आवाज फाटला. "आणि माझं काय? मलाही आवडायला लागल्या होत्या गं त्या. तुला निदान सगळे भेटायला तरी आले असतील. मी कोणाकडे जाऊन सांगू, त्या गेल्या म्हणून?"

तिला त्याचा हात धरावासा वाटला. ती रिकामी सीट, 'ये ना' हे दोन शब्द, सगळं ओठांपर्यंत आलं... पण तिथे आई बसणार होती. अजूनही आईच बसणार होती.

"कृष्णाबाईंना म्हणावं, चटणी मला फार आवडली," ती एवढंच म्हणाली.

त्याने मान हलवली आणि तो वळला. काठीची पट्टी सुटून ती टकटक उघडली, पुरती सरळ झाली. त्याने ती पुन्हा दुमडायला घेतली. मग ते सोडून ती तशीच टेकत तो चालू लागला. त्याला काठीची काही गरज नव्हती. तरी प्रत्येक पावलाला तो ती जपून टेकवत होता, जणू शेजारी कुणी सावकाश चालणारं माणूस आहे आणि वळणापर्यंत त्याला सोबत करायची आहे.