शिवलेला धडा

ही घडलेली गोष्ट आहे. मला ती नीट सांगता येईल का, याची खात्री नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचत आलो, स्वतःचं असं कधी काही लिहिलं नाही. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी पत्नी होती, आणि ती खोटं बोलत नसे.

साल १९५९. जानेवारी महिना. गाव वरोर, तालुका डहाणू.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारची होती.

रात्र असती तर स्वप्न म्हणून सोडून देता आलं असतं.

हंसा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मुंबईच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकत होती. वरोरच्या मच्छीमार घरातून इतकं शिकायला गेलेली ती पहिलीच. बाकी सगळं तिला जमे, पण शरीररचनेचा विषय काही केल्या डोक्यात शिरेना. पुस्तक इंग्रजीत. हाडांची नावं जिभेवर बसत नसत. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. फेब्रुवारीत पुन्हा नापास झाली तर नाव कमी होणार होतं. मग गावी यायचं, डोक्यावर टोपली घ्यायची, आणि लग्न.

तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन ती अभ्यासाला घरी आली. वरच्या वर्गातल्या मुलीनं तिला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून खरी हाडं दिली होती. एका डाव्या हाताची. मनगटाची आठ, तळव्याची पाच, बोटांची चौदा. एकूण सत्तावीस.

डब्यात ओल धरली होती. म्हणून हंसानं ती सुपात घालून अंगणात उन्हाला ठेवली. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते, त्याच मांडवाखाली.

शेजारची जमना आपले बोंबील उलटवत होती. तिनं सुपात डोकावून पाहिलं.

"काय गो हंसे, मुंबईला मासे महागले काय? नुसती हाडंच वाळत घातलीस ती."

"माणसाची आहेत, जमनाकाकी."

जमना दोन पावलं मागं सरकली. मग वर बघत म्हणाली, "आज कावळे कुठं गेले?"

तेव्हा हंसाच्या लक्षात आलं...

बोंबील वाळत असताना एक माणूस कावळे हाकायलाच लागतो. त्या दुपारी मांडवावर एकही कावळा नव्हता. माडांवर नव्हता. किनाऱ्यावरही नव्हता.

ती पुस्तक घेऊन सुपाशी बसली आणि मोठ्यानं पाठ करू लागली. स्कॅफॉइड. ल्युनेट. ट्रायक्वेट्रल. संध्याकाळपर्यंत एवढी तीनच पक्की झाली.

दिवस कलला तेव्हा तिनं हाडं मोजून डब्यात भरली.

तीस भरली.

पुन्हा मोजली. तीसच.

तिनं जोड्या लावून पाहिल्या. जास्तीची तीन हाडं उजव्या हाताची होती. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल. त्यांना अजून ओली वाळू चिकटलेली होती.

समुद्रानं टाकली असतील, असं तिनं मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मनगटाची उरलेली पाच पाठ झाली. संध्याकाळी पाच हाडं जास्त. तिसऱ्या दिवशी तळव्याची पाच. तीही आली.

कुणी आणून टाकताना दिसलं नाही. आवाज तेवढा यायचा... पाठ फिरली की वाळूत काहीतरी सरकल्याचा. खेकडा बिळातून निघावा तसा.

तिला कळून चुकलं. पुस्तकातलं जे नाव पाठ होतं, ते येतं. जे चुकतं, ते येत नाही.

डबा बंद करून पळून जावं असं तिला वाटलं. पण परीक्षा एकवीस दिवसांवर होती, आणि ही नावं आता पहिल्यांदाच तिच्या डोक्यात टिकत होती.

तिनं बोटांची हाडं पाठ केली. चौदा नावं, असं तिला वाटलं. संध्याकाळी आली तेरा.

ती सुपात उजवा हात जुळवत बसली होती, तेवढ्यात तिची आई पुतळी मागं येऊन उभी राहिली. तिनं हात पाहिला. अंगठ्याशेजारच्या बोटापासून नजर फिरवली आणि करंगळीच्या अलीकडच्या बोटापाशी थांबली. त्याचं शेवटचं पेर नव्हतं.

पुतळीनं सुपाशी बसून त्या जागी बोट टेकवलं.

"नारू," ती म्हणाली.

नारू म्हणजे हंसाचे वडील. चार वर्षांपूर्वी होडीतून गेले. बाकीचे तिघे परत आले, ते आले नाहीत. देह मिळाला नाही. आणि त्यांच्या उजव्या हाताच्या त्याच बोटाचं पेर नांगराच्या दोरानं तुटलेलं होतं.

"आये, असं काही नसतं."

"तू शिकलीस म्हणून मला शिकवू नको. ह्या हाताला मी जेवायला वाढलेलं आहे." मग हळू आवाजात म्हणाली, "शीक. पुढचं शीक. तोंडापर्यंत शीक."

"का?"

"त्या दिवशी आम्ही भांडलो होतो. मी भाकरी बांधून दिली नाही. कुणी म्हणतं होडीतल्या सदानंदानं आपल्यातली दिली, कुणी म्हणतं नाही. उपाशी गेला का, एवढंच विचारायचं आहे."

चार वर्षं आईनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

हंसा शिकली. आईसाठी शिकली. कोपरापर्यंतची दोन हाडं, दंडाचं एक. मग खांदा, बरगड्या, कणा, कंबर, पाय. रोज दुपारी पुतळी शेजारी बसून ऐकायची. रोज संध्याकाळी आलेलं हाड पदराला पुसून टोपलीत ठेवायची आणि वर नारूचा जुना सदरा घालायची. रात्री टोपलीशी बोलायचीही. हंसा कूस बदलून झोपायचं सोंग करायची.

कावळे परतले नाहीत. आता मांजरंही अंगणात येईनाशी झाली.

सुट्टी संपायला दोन दिवस उरले. आता डोकं तेवढं राहिलं होतं. पुस्तकातला शेवटचा धडा.

त्या दुपारी हंसा आपली वही तपासत होती. बोटांच्या पानावर तिची नजर अडली. तिनं नावं मोजली. चौदा नव्हती, तेराच होती. घाईत उतरवताना एक सुटलं होतं. करंगळीच्या अलीकडच्या बोटाचं शेवटचं पेर.

म्हणजे ते पेर दोरानं तुटलं नव्हतं. तिनं म्हटलंच नव्हतं, म्हणून आलं नव्हतं.



तिनं ते नाव एकदा, हळूच उच्चारलं...

टोपलीत काहीतरी खडखडलं.

तिनं सदरा बाजूला केला. चौदावं पेर जागेवर होतं. ओलं.

"आये, हे बघ. बोट पुरं आहे. हे बाबा नव्हेत."

पुतळीनं बघितलं.  मग सदरा पुन्हा पांघरला.

"तिकडं गेल्यावर भरून आलं असेल," ती म्हणाली.

"मग हे कोण आहे, विचार ना स्वतःला."

"बोलेल तेव्हा कळेल."

त्या रात्री हंसानं दाभण आणि जाळ्याचं सूत घेतलं आणि पुस्तकातला शेवटचा धडा कडेनं शिवून टाकला. गाठी जाळ्याच्या मारल्या. त्या ओढून सुटत नाहीत.

पहाटे निघताना आई दारात उभी होती.

"बोलायच्या एका हाडाचं तर नाव आहे गो," ती म्हणाली. "एवढंही नाही करायचीस?"

हंसा वाणगाव स्टेशनाची वाट चालू लागली.

लेखी परीक्षा बरी गेली. डोक्याच्या हाडांवरचा प्रश्न तिनं सोडून दिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी हाताची हाडं विचारली, तिनं एका दमात सांगितली. ते खूश झाले. म्हणाले, आता सोपं विचारतो. आणि टेबलावरचं एक हाड उचलून तिच्या हातात ठेवलं.

चेहऱ्याचं खालचं हाड. बोलताना हलतं ते.

नाव तिला येत होतं. वर्गात सगळ्यांनाच येत होतं.

खिडकीबाहेर इस्पितळाच्या आवारात कावळ्यांचा कालवा चालला होता. तो थांबला...

"सांगा."

"येत नाही, सर."

"येत नाही? रोज जेवता ना बाई? मग चावता कशानं?"

शेजारी बसलेल्या मेट्रनबाई हसल्या नाहीत.  नाव जिभेच्या टोकावर होतं. तिनं दात आवळून धरले.

दोन गुणांनी ती पास झाली.

गावी गेली तेव्हा टोपली रिकामी होती. आत ओली वाळू.

"परवाच्या शुक्रवारी दुपारी उठून बसल्यागत झालं होतं," पुतळी म्हणाली. "मी भाकरीचं ताट घेऊन समोर बसले. म्हटलं आता बोलेल. सदऱ्याची बाही माझ्याकडं वळली. मग सगळं खाली बसलं."

तो शुक्रवार तोंडी परीक्षेचा होता. हे आईला ठाऊक नव्हतं.

पुतळी आणखी बारा वर्षं जगली. लेकीशी गरजेपुरतंच बोलली. हंसानं तलासरी, उधवा भागात तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं, शेकडो बाळंतपणं केली. तोंडाला मार लागलेला कुणी आला, तर कागदावर ते नाव दुसऱ्याकडून लिहून घ्यायची.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत वाचत बसलो होतो. तिनं हाक मारली होती का, मला सांगता येत नाही. पानात गुंतलो की मला ऐकू येत नाही.

ते पुस्तक आता माझ्याकडं आहे. सूत काळं पडलंय, गाठी शाबूत आहेत. घरातलं पुरं न वाचलेलं असं हे एकच पुस्तक. त्या हाडाचं नाव मी इथंही लिहिलेलं नाही.

ती येणार नाही, हे मला समजतं. जे येईल ते ती नसेल.

पण मलाही तिला एकच विचारायचं आहे.

कात्री टेबलावर काढून ठेवली आहे. कधी काढली, ते आठवत नाही.

अंगणात शेजारच्यांचे बोंबील वाळत आहेत... आणि सकाळपासून एकही कावळा आलेला नाही.