बिननावाची ओळ

पहिल्याच दिवशी तो येऊन थेट माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "तुम्हीच माझे कान ना? जरा नाजूकच दिसताय."

फर्निचरच्या वर्गात सर बोलतील ते लगोलग टाइप करून त्याच्यासमोरच्या पडद्यावर उमटवायचं, हे माझं काम. शाळेत असताना एका आजारपणात त्याचं ऐकू येणं गेलं होतं. बोलायचा मात्र अगदी स्वच्छ, आणि फाजीलही. आठवड्याभरात आमचं अहोजाहो गळून पडलं. दुसरं कुणी बोललं की आधी त्याचं नाव, मग वाक्य. बिननावाची ओळ माझी, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं.

"सरांनी टेबल भगवानाचं करायला सांगितलंय?" त्याने एकदा पडद्याकडे बघत विचारलं.

मी टाइप केलं, 'सागवानाचं. भगवान तुझ्या मार्कांना लागेल.'

तो एवढ्याने हसला की सरांनी वळून पाहिलं. आपला आवाज किती चढतो, हे त्याला कळतच नसे. मी हाताने खुणावायचे – हळू. मग तो माझ्याकडे रोखून बघत ओठांवर बोट ठेवायचा… आणि माझी पुढची ओळ हमखास चुकायची. त्याच्या मनगटावरचा भुसा आपण झटकावा, असं सारखं वाटायचं. वेड लागलं होतं मला, दुसरं काय.

शेवटचा तास संपला. तो पडद्यासमोर मान खाली घालून अवजारं आवरत होता, तेव्हा त्याच्या कामाच्या बाकावरची जोडीदारीण माझ्यापाशी आली. आवाज इवलासा, म्हणून वर्गात सगळे तिला चिमणी म्हणत.

"ताई, एवढं त्याला सांगाल? मी खिडकीकडे तोंड करते हं… नाहीतर मला जमायचंच नाही."

ती पाठमोरी झाली. "मला तू आवडतोस," ती पुटपुटली. "कधीपासून ते विचारू नकोस."

मी टाइप केलं. कामच होतं ते. पण नाव टाकायचं राहून गेलं.

त्याने वाचलं आणि मान वर करून पाहिलं – माझ्याकडे. खोटं कशाला बोलू, क्षणभर मी सुखावले. मग तो माझ्याकडे झुकला. त्याच्या मते तो कुजबुजत होता.

"अगं वेडे… तू माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. पण माझा जीव चिमणीत अडकलाय. तिला कळू देऊ नकोस."

सगळ्या खोलीला ऐकू गेलं. चिमणी वळली, डोळे पुसत हसली. "वेड्या, ते मी म्हणाले होते."

या वेळी नाव टाकलं. 'चिमणी: वेड्या, ते मी म्हणाले होते.'

त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. कान लालबुंद झाले. तिचा हात धरून दाराकडे निघाला, आणि मग माझी आठवण होऊन परत आला.

"म्हणजे… तुझं नव्हतं ते? मला वाटलं, तुला दुखावलं मी."

मी टाइप केलं, 'छे रे, माझं कुठलं? नाव टाकायचं राहिलं.'

"सुटलो," तो म्हणाला, आणि तिच्यापाठोपाठ जिना उतरून गेला. माझं उत्तर त्याने फक्त पडद्यावर वाचलं होतं. तेव्हा एकदा जरी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं, तरी त्याला सगळं कळलं असतं.