भिंतीच्या दुसऱ्या टोकाला

ही गोष्ट मला जयप्रकाशने स्वतः सांगितली. तो माझा मावसभाऊ. दारूला शिवत नाही, थापा मारत नाही, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की आजवर तोच पहिला हसायचा. मी यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही. पटलं तर बघा.

मागच्या वर्षीचा जुलै. जागा, ओमानमधलं सूर शहर. तिथल्या भर वस्तीतला एक नवा चौक. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण आजही लोक तिथे मुलाबाळांना घेऊन जातात.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे.

जयप्रकाश मूळचा वेंगुर्ल्याचा. नऊ वर्षं ओमानमध्ये, पंप आणि लाइटिंगच्या कामावर. आधी तिथल्याच सहम गावी होता. मग कंपनीने सूरला पाठवलं आणि हा चौक त्याच्या ताब्यात दिला. बायको, कल्पना वहिनी, वेंगुर्ल्यात. मूलबाळ नाही. खोलीतला जोडीदार सागर सुट्टीवर गावी गेलेला. म्हणजे खोलीत हा एकटा आणि एसीची घरघर.

चौक मात्र देखणा. मधोमध स्टीलचं उंचच उंच शीड, जुन्या गलबताला असायचं तसं. त्याच्या पायाशी कारंजी. एका बाजूला रंगीत फरशीच्या बारीक तुकड्यांनी केलेलं मोठं चित्र. त्यात बंदर, होड्या, जाळी, मासळी. जयप्रकाश कधीकधी त्या चित्रातल्या होड्या मोजत उभा राहायचा. वेंगुर्ल्याच्या माणसाला बरं वाटायचं.

आणि कडेला ती भिंत.

पांढऱ्या दगडाची, अर्धगोल, पुरुषभर उंच. पायाशी बसायला कट्टा. बनवणाऱ्याने त्यात गंमत केली होती. एका टोकाला बसून भिंतीशी कुजबुजलं, की शब्द दगडावरून घसरत थेट दुसऱ्या टोकाला. मधे तीस पावलांचं अंतर, पण कानात बोलल्यासारखं ऐकू येणार. संध्याकाळी पोरं दोन टोकांना बसून एकमेकांना चिडवायची.

शुक्रवारची जुम्म्याची नमाज झाली की सूर झोपतं. दुकानं बंद. रस्ते ओस. पंचेचाळीस डिग्री ऊन. कारंजी तेव्हा बंद असायची, म्हणून पंपाच्या गाळण्या साफ करायला जयप्रकाशला तीच वेळ दिलेली.

त्या शुक्रवारी काम आटपून तो जमिनीखालच्या पंपाच्या खोलीतून वर आला. दीड वाजलेला. भिंतीच्या अलीकडच्या टोकाला कापडी छप्पर आहे, तिथे सावलीत बसून त्याने डबा उघडला. पहिला घास तोंडात घातला आणि...

"जेवलात?"

बाईचा आवाज. अगदी कानाशी. आणि आपल्या मालवणी वळणाचा.

त्याने वळून पाहिलं. कोणी नाही. दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथलं छप्पर वाऱ्याने फाटलेलं, नुसतं ऊन. कोणी नाही.

एरवी तिथे कबुतरं असतात. त्या दिवशी कबुतरंही नव्हती.

तो उठला, तीस पावलं चालत गेला. कट्ट्यावर हात टेकवला आणि चटकन मागे घेतला. दगड तव्यासारखा तापलेला. पण मधेच एक जागा...

थंड होती. एक माणूस बसेल एवढीच.

तुम्ही-आम्ही पुन्हा तिकडे फिरकलो नसतो. जयप्रकाश पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याच जागी डबा घेऊन बसला.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली," तो म्हणाला. "पण खोलीत जाऊन बसायची जास्त वाटायची."

दुसऱ्या शुक्रवारीही तोच प्रश्न आला. त्याने भिंतीकडे तोंड करून हळूच उत्तर दिलं, "जेवतंय."

"काय केलात?"

"भात. सुरमई."

"एकट्यान?"

त्याने डबा बाजूला ठेवला.

पुढच्या दोन शुक्रवारी तो तासतासभर बोलला. आई गेली तेव्हा पोचता आलं नाही, हे बोलला. गावी गेलं की आठवड्यात बोलण्यासारखं काही उरत नाही, बायकोसमोर पाहुण्यासारखं बसावं लागतं, हेही बोलला. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. भिंत ऐकायची. मधेच एखादा शब्द विचारायची. आणि हळूहळू तो आवाज...

कल्पना वहिनीसारखा वाटायला लागला.

खऱ्या वहिनीला तो फोन करायचा मंगळवारी. दोन मिनिटं. बरां आसा मा, बरां, जेवण झाला, झाला. खलास.

चौथ्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी त्याने नेहमीसारखा फोन लावला, तर वहिनी हसत होती.

"आज परत फोन? शुक्रवारी एवढा बोललात, पोट भरूक नाय?"

"शुक्रवारी?"

"मगे? दर शुक्रवारी तीन वाजता करतात ना. घड्याळ लावून बसतंय मी आता."

आपल्याकडचे तीन, म्हणजे तिथले दीड.

जयप्रकाशला वाटलं, चेष्टा करतेय. त्याने आपला फोन तपासला. शुक्रवारी घरी लावलेला एकही कॉल नव्हता. वहिनीला तिचा फोन बघायला सांगितलं. तिथे चारही शुक्रवारी त्याचाच नंबर. चारही वेळा तास, सव्वा तास.

"मी काय बोललंय?" त्याने विचारलं.

"असां काय करतात? मी दिवसभर काय केलंय ता विचारलात. लग्नातली माझी साडी खंयच्या रंगाची होती, ता सांगलात. माका वाटलेला, तुमका आठवत नसतला."

त्याला खरंच आठवत नव्हतं.

मग तो भिंतीवर ऐकलेलं एकेक तिला सांगत गेला. तू असं म्हणालीस का? हे विचारलंस का? वहिनीचं हसू थांबलं. त्यातलं एकही वाक्य तिचं नव्हतं. आणि ती ऐकत होती, त्यातलं एकही याचं नव्हतं.

मधे कोणीतरी होतं.

पाचव्या शुक्रवारी तो चौकात गेला, पण भिंतीपाशी बसला नाही. लांब, शिडाखाली उभा राहिला. तिथे बायकांच्या स्वच्छतागृहाची सफाई करणारी अमीरुन्निसा नावाची म्हातारी होती. हैदराबादकडची. ती बादली घेऊन बाहेर आली, याला बघून थबकली.

"आज इधर कैसे खड़े, भाई? बैठे नहीं?"

"नहीं, खाला."

"मैं तो समझी तुम दो जने हैं. जुड़वां."

"दो?"

"एक इस कोने पे, डिब्बा खाता सो. एक उस कोने पे." तिने फाटक्या छपराकडे बोट केलं. "शकल एकच. वो फोन कान को लगा को बातां करता. हँसता बहुत. मैं बोली, इत्ती धूप में कैसा बैठता ये आदमी."

जयप्रकाशने तिकडे पाहिलं. कट्टा रिकामा.

"अब कोई नहीं है ना, खाला?"

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"बैठा है ना," ती म्हणाली.

तिला कसलीच भीती वाटत नव्हती. तिच्या दृष्टीने तो एक माणूस होता, बसलेला. ती बादली उचलून निघून गेली.

जयप्रकाश अलीकडच्या टोकाशी गेला. बसला नाही. फक्त भिंतीला कान लावला.

आधी काहीच नाही. मग...

एका पुरुषाचा आवाज.

"होय गो. तू सांग. आज काय केलंस?"

त्याचाच आवाज. पण इतकं मायेने तो स्वतः कधी बोलला नव्हता.

त्याने वहिनीला फोन लावला. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलली.

आपण ज्यांना कॉल करत आहात, ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत.

त्याने पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. व्यस्त. सव्वा तास तो तिथेच उभा राहून फोन लावत होता, आणि कानाशी स्वतःचंच हसणं ऐकत होता.

दहा दिवसांत तो गावी आला. नोकरी सोडली, सामान सुट्टीवरून परतलेल्या सागरला देऊन टाकलं. मस्कतच्या विमानतळावर फोनमधलं सिम काढून दोन तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. आता वेंगुर्ल्यातच असतो. वायरिंगची कामं घेतो. तो फोन पुन्हा कधी आला नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. जयप्रकाश बाजारात गेलेला. वहिनीने चहा टाकला, मग मागच्या पडवीत येऊन बसली. फोन मांडीवर. मी सहज घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी होते. वार शुक्रवार.

मला राहवलं नाही. "वहिनी, आठवलं की भीती नाही वाटत?"

"कसली?" ती म्हणाली. "तां काय वायट नव्हतां."

ती पोफळींकडे बघू लागली.

"हे घरात असतत," ती म्हणाली. "पण बोलणत नाय. आधी बोलाक लांब होते. आता जवळ आसत, तरी..."

मग माझ्याकडे वळून एकदम हळू आवाजात म्हणाली,

"ह्यांका सांगू नकात हां. मी अधनंमधनं त्या जुन्या नंबराक फोन लावतंय."

"तो नंबर तर बंद आहे ना, वहिनी?"

"नाय," ती म्हणाली. "रिंग वाजता."

"कोणी... उचलतं?"

तिने फोन उचलून तोच नंबर लावला आणि कानाला धरला. मला गप्प राहायची खूण केली.

"अजून नाय," ती म्हणाली.

मी हे जयप्रकाशला आजपर्यंत सांगितलेलं नाही.