भाड्याच्या गाडीतला चौथा

सन २०२४चा ऑक्टोबर महिना. इटली देशातील टस्कनी प्रांत. सिएना शहराबाहेरचे एक खेडे. वेळ सकाळची, आकाश निरभ्र. घटनेचा आरंभ तेथे झाला. तिचा शेवट मुलुंड पूर्वेतील आमच्या राहत्या घरी व्हावयास हवा होता.

तो अद्याप झालेला नाही.

ही घटना खरी आहे. या पानावरच्या भुताखेतांच्या कथांना मी आजवर पुष्कळ आक्षेप घेतले आहेत; जुन्या वाचकांना ते आठवत असतील. माझ्या कथेलाही तेच आक्षेप खुशाल घ्यावेत. बहुतेक मी स्वतःच घेऊन पाहिले आहेत...

ते टिकले नाहीत.

प्रवास चौघांचा ठरला होता. मी, पत्नी श्रुतिका, आई आणि बाबा. टूरच्या बसमध्ये मेंढरांसारखे कोंबून घ्यायचे नाही, आपली आपण गाडी भाड्याने घेऊन एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात हिंडायचे, हा बाबांचाच हट्ट. मार्च महिन्यात ते गेले. त्यानंतर आईने जेवण जवळजवळ सोडले. बाबांच्या खुर्चीकडे पाहत ती दिवस काढू लागली. तिला त्या खुर्चीसमोरून उठवणे, एवढ्या एकाच हेतूने आम्ही प्रवास रद्द केला नाही.

निघालो ते तिघे.

आईचे माहेर मालवणकडचे. तिघांनी मिळून वाटेला लागू नये. लागावेच लागले तर चौथा म्हणून एक खडा ‘चल’ म्हणत उचलून सोबत घ्यावा, ही चाल तिच्या अंगात मुरलेली. मुक्काम आला की खडा खाली ठेवायचा आणि म्हणायचे, ‘सोबत झाली, आता तू मोकळा.’ एवढेच.

गाडी ताब्यात घेतली ती सकाळ. चालकाने डावीकडे बसायचे, गाडी उजव्या बाजूने हाकायची. मी मनात उजळणी करीत होतो. तोच आई रस्त्याच्या कडेला वाकलेली दिसली.

“आई, काय शोधतेस?”

“खडा घेतेय रे. तिघंच आहोत ना.”

श्रुतिका हसली. “आई, त्याला पण व्हिसा लागेल हं!”

“गप गं. दगडाला कोण विचारतो?”

मी जवळ गेलो. खडा जेथून उचलला होता तेथे एक लोखंडी क्रूस रोवलेला होता. पायाशी प्लास्टिकची फुले, उन्हाने विटलेली. वळणावर कोणी अपघातात दगावले की तिकडची माणसे अशी खूण उभारतात.

“तो परत ठेव. दुसरा घे.”

“एकदा ‘चल’ म्हटलं की परत पाठवत नाहीत,” आई म्हणाली, आणि तिने खडा पर्समध्ये टाकला.

आम्ही उंब्रिया प्रांताच्या दिशेने निघालो. हमरस्त्याला लागलो आणि...

टिंग. टिंग. टिंग.

समोरच्या डॅशबोर्डवर मागच्या डाव्या आसनाचे चिन्ह तांबडे झाले होते. पट्टा न लावता त्या जागी कोणी बसले, तरच ते उजळते.

आई उजवीकडे बसली होती. तिचा पट्टा लावलेला. पर्स तिच्या मांडीवर.

गाडी कडेला घेतली. आसन चाचपून पाहिले. रिकामे... आणि किंचित उबदार.

मी कारणे मांडली. ऊन. सैल झालेली वायर. गाडी भाड्याने देणाऱ्यांची हयगय. श्रुतिकाला ती पटली, मलाही पटली. गाडी सुरू केली.

टिंग. टिंग.

तेव्हा आईने हात लांब करून त्या रिकाम्या आसनाचा पट्टा ओढला आणि अडकवला.

घंटी थांबली.

पट्टा लागला म्हणजे घंटी थांबणारच. येथवर यंत्राचा नियम आहे. परंतु मी आरशात पाहिले. रिकाम्या आसनावरचा पट्टा आसनाच्या पाठीला चिकटून राहतो. हा पुढे आला होता. माणसाच्या छातीच्या बेताने. आणि अगदी संथपणे...

वर-खाली होत होता.

“आले,” आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “बघ, आलेच शेवटी.”

कोण आले, हे न विचारताच मी गाडी पुढे काढली.

दुपारी एका तळ्याकाठच्या खानावळीत थांबलो. मालकाने टेबलावर चार ताटल्या मांडल्या. मी तीन बोटे दाखवली. त्याने मान हलवली आणि गाडीकडे हात केला. श्रुतिकाने मोबाइलवर भाषांतर लावले.

यंत्राच्या सपाट आवाजात मराठी शब्द उमटले. “गाडीतल्या पाहुण्याला जेवायला का बोलवत नाही?”

मी गाडीकडे पाहिले. काचेवर आभाळ होते. दुसरे काही नाही.

“कसा दिसतो तो? म्हातारा आहे का?” मी विचारले.

मालक हसला. त्याच्या उत्तराचे मोबाइलने भाषांतर केले...

“नाही. तरुण मुलगा आहे.”

आईने हे ऐकले आणि चौथ्या ताटलीत स्वतःच्या हाताने वाढले. मग ती जेवली. कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.

पुन्हा वाटेला लागल्यावर मी वाद घातला. “आई, बाबा सत्तरीचे होते. तो माणूस तरुण म्हणतोय.”

“मग? मेल्यावर पण माणसानं आजारीच दिसायचं का रे?”

“बाबा गाडीत पाच मिनिटं गप्प बसत नसत. ‘हळू, ब्रेक मार’, सारखं चालू असायचं.”

“गेल्यापासून कमी बोलतात.”

“आई, प्लीज,” श्रुतिका रडकुंडीला आली होती. “ते बाबा नसतील तर? तर आपण कुणाला घेऊन चाललोय?”

“तुमचं आपलं काहीतरीच. गप रवा दोघांनी.” आणि मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून, हळूच, “तुम्ही मनावर घेऊ नका हो.”

पुढे बोगदा लागला. अंधारात मागून श्वास ऐकू येत होते. एक आईचा, तो मी जन्मापासून ओळखतो.

दुसरा मी ओळखत नव्हतो.

रोमला विमानतळाजवळ गाडी परत केली. आमच्या आग्रहाखातर आईने खडा काढला, पाइनच्या झाडाखाली ठेवला आणि म्हणाली, “सोबत झाली, आता तू मोकळा.” हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. गाडी तपासणारा कर्मचारी एकेक दार उघडून पाहत होता. मागच्या डाव्या दाराशी तो थबकला. दार धरून, एक पाऊल मागे सरकून उभा राहिला...

आतून कोणी उतरत असताना आपण वाट देतो, तसा.

मुलुंडला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजेला बसलो आणि हात जागच्या जागी थांबला. अन्नपूर्णेशेजारी तो खडा होता.

“आई, हा तर तू तिकडे सोडलास!”

“सोडला तो तिथलाच दुसरा होता.” तिच्या आवाजात लाज नव्हती. “नवऱ्याला परमुलखात टाकून येऊ? काय बोलतोस रे, देवेश?”

ती खडखडीत बरी झाली होती, हे मला नाकारता येत नाही. सकाळी उठून केस विंचरी. शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या, “इटलीचं पाणी मानवलं हं प्रेमाताईंना!” रोज दुपारी ती आपल्या ताटाशेजारी दुसरे ताट वाढी आणि त्याच्याशी बोलत बसे. खडा उचलून खाडीत टाकावा, असे मला रोज वाटे. परंतु तो नेला तर आई पुन्हा त्या खुर्चीसमोर जाऊन बसेल आणि या वेळी उठणार नाही, हे भय त्याहून मोठे होते.

मग एक दुपार आली. श्रुतिका कामावर गेलेली. मी बाहेरच्या खोलीत वाचत होतो, आई स्वयंपाकघरात.

न्हाणीघराची कडी उचलली गेली... आणि ठेवली गेली.

आतल्या कपाटाचे दार उघडले... आणि लागले.

मग दिव्यांची बटणे. एकेक. टक्... थांबणे. टक्... थांबणे. बटण दाबून, कोठे काय लागते हे पाहणाऱ्यासारखे.

आई दाराशी आली. हातात वाढलेले ताट. तीही ऐकत होती.

“आई, खडा दे. आत्ताच्या आत्ता सोडून येतो.”

“तो सकाळपासून जागेवर नाही,” ती म्हणाली.

पावले तिच्या खोलीकडे गेली. पलंग करकरला. कोणी तरी बसले, उठले. पुन्हा बसले... या वेळी भिंतीकडच्या बाजूला. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला. हलका, सावध. कडी कशी बसते हे कळल्यानंतरचा.

आईने ताट खाली ठेवले. माझा दंड घट्ट धरला.

“त्यांना अंधारात बटण सापडायचं,” ती कुजबुजली. “हा घर बघतोय, देवेश. हे तुझे बाबा नाहीत.”