शाबूत राहिलेले फ्यूज

पुंता लाबान बंदरातल्या बर्फ कारखान्यातलं इंजिनघर जळून कोळसा झालं होतं. मोटार जळाली होती, म्हातारा पहारेकरी तातय उस्तिंग धुरात गुदमरून गेला होता. मोटारीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज मात्र शाबूत होते.

अग्निशमन खात्याची तपासनीस ओफेलिया गुमबान पेटीसमोर उकिडवी बसली होती. उठायचं नाव घेत नव्हती.

"झालं का, मॅडम?" ठाण्याचे प्रमुख काप्तान मोन्देहार मागून म्हणाले. "सरळ आहे सगळं. वायरमन तोमोयनं उशिरा उडणारे फ्यूज बसवले. ते उशिराच उडणार! तोवर मोटार पेटली. त्याला आत टाकलाय. तुमची सही झाली की केस कोर्टात."

"काप्तान, हे उशिरा नाही उडाले. हे उडालेच नाहीत."

"तेच की! म्हणजे आणखीच निकामी."

ओफेलियाने वरची लाइन बंद असल्याची टेस्टर लावून खात्री केली आणि एक फ्यूज खेचून काढला. वीतभर लांब, जाड पुठ्ठ्याची नळी, दोन्ही टोकांना तांब्याची पाती. वर काजळी. पेटीचा रंग आचेनं फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. तिने नळीवर अंगठा घासला. काजळी पिठासारखी निघून आली आणि खालचा पुठ्ठा चांगला पिवळाधमक दिसला.

त्या पिवळ्यावर एक तपकिरी डाग होता, त्यात पिसाचा तंतू चिकटलेला. डागाशेजारी लाल मेणाचा थेंब, तुरीच्या दाण्याएवढा, गोल.

तिने तिन्ही फ्यूज पिशवीत टाकले. "सही नाही," ती म्हणाली.

"मॅडम, दोन्या कॉन्सोर्सिया या मालकीणबाईंचा कारखाना आहे हा. अख्खं बंदर त्यांच्या बर्फावर जगतं. संध्याकाळी महापौर मला विचारणार."

"विचारू देत. त्यांना सांगा, ओफेलियाची सही म्हणजे बर्फ नाही, उन्हात ठेवली की पाघळायला."

काप्तानांचं तोंड कडू झालं. ओफेलियाला त्याचं काडीचं वाटलं नाही.

ठाण्याबाहेरच्या बाकावर तोमोयची बायको बसली होती, मांडीवर तान्हं. आत तोमोय गज धरून उभा होता. कबुलीवर सही केली तर शिक्षा कमी होईल, असं त्याला सकाळपासून सांगत होते.

"नाही केली," तो म्हणाला. "एका माणसाच्या मरणाखाली माझं नाव लिहायचं? उलटं टांगा, तरी करणार नाही."

"बरं केलंस. आता मला नीट सांग. हे फ्यूज तू बसवलेस?"

"मीच बसवले. लाजायचं काय त्यात?"

"हा डाग कसला?"

"पादुगो केला होता, मॅडम. नवी मोटार कोंबड्याचं रक्त दिल्याशिवाय कोण चालू करतं? यंत्राला रक्त द्यायचं, म्हणजे ते माणसाचं मागत नाही. तिन्ही फ्यूजना मी स्वतः बोट लावलं. कोंबडा दोन्यांनी धरला होता."

"मेणबत्त्या लावल्या होत्या?"

"इंजिनघरात? तेल सांडलेलं, अमोनियाचे नळ, आणि मी मेणबत्ती लावू? बायकोनं घरात घेतलं नसतं मला!"

ओफेलिया हसली. बाकावरून बायकोचाही आवाज आला, "खरंच नसतं घेतलं!"

"काप्तान म्हणतात, आगीआधीच तू नोकरी सोडलीस. का?"

तोमोयचं तोंड उतरलं. "सार्डिनचा हंगाम आला. दोन्या म्हणाल्या, जुना कॉम्प्रेसरही याच लाइनीवर जोड, दुप्पट बर्फ निघेल. मी म्हटलं, हे फ्यूज एका मोटारीच्या मापाचे आहेत, दोन यंत्रांचं ओझं घेणार नाहीत, उडतील. वेगळी लाइन टाका. तर मुकादम मानोंग तेर्यो सगळ्यांसमोर म्हणतो, हा वायरमन की बाळंतीण, इतकं कुंथतोय! हत्यारं उचलली आणि घरी आलो."

"पेटीच्या किल्ल्या कोणाकडे?"

"एक मानोंग तेर्योकडे. एक दोन्यांकडे."

मुकादम तेर्यो कारखान्याच्या धक्क्यावर बसला होता, दोन्ही तळव्यांना भाजल्याच्या पट्ट्या. पोटभर मासळी खाल्लेल्या मांजराकडेही तो रागानं बघत होता.

"आग लागली तेव्हा कुठे होतात?"

"आतच. तातय उस्तिंगला मीच ओढून काढलं. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो होतो. तो गेल्यावर परत आलो, तोवर पोलिसांनी पेटीला सील ठोकलेलं. नर्सला विचारा."

"विचारलं. खरं आहे. किल्ली?"

"कमरेला. कोणाला दिली नाही."

"जुना कॉम्प्रेसर चालू होता?"

तेर्यो जमिनीकडे बघू लागला. "माहीत नाही."

"मुकादमाला माहीत नाही? कोणाला माहीत असणार, त्या मांजराला?"

"मॅडम, माझं घर याच बर्फावर चालतं. मला नका विचारू."

ओफेलिया पुन्हा इंजिनघरात गेली. जुना कॉम्प्रेसर कोपऱ्यात उभा होता. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या यंत्राचं चाक समुद्राच्या वाऱ्यात गंजून लाल व्हायला हवं. पट्टा जिथे फिरतो तिथे हे चाक मात्र काजळी पुसताच लख्ख निघालं.

दोन्या कॉन्सोर्सियांची खोली कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथे धूर पोहोचलाच नव्हता.

"ये गं, इंदाय, बस पोरी." काळ्या पोशाखातल्या म्हाताऱ्या दोन्यांनी स्वतः कॉफी ओतली आणि तांदळाच्या वाफवलेल्या पुतोची बशी पुढे केली. उस्तिंगच्या अंत्यविधीचा सगळा खर्च त्यांनी उचलला होता. तोमोयच्या बायकोलाही तांदळाचं पोतं पाठवलं होतं. "पोरगा वाईट नाही. चूक झाली त्याच्या हातून. देव क्षमा करील."

ओफेलियाला त्या आवाजाने बरं वाटलं आणि त्याचाच तिला रागही आला.

भिंतीशी बाळयेशूचा देव्हारा होता. लाल मेणबत्त्या, पांढरं वस्त्र, त्यावर थिजलेल्या मेणाचा जाड थर. फुलदाणी वाकडी होती म्हणून ओफेलियाने सरळ केली. तिच्या खाली आणि मागे मेणाच्या थरात तीन लांबोडक्या मोकळ्या जागा होत्या, दोन्ही टोकांना जिभेसारख्या चपट्या. तिने फुलदाणी होती तशी ठेवली.

"इथे झाडलोट कोण करतं, दोन्या?"

"मीच. माझ्या बाळाच्या पायाशी दुसऱ्याचा हात नको."

कॉफी तशीच ठेवून ओफेलिया बाहेर पडली. थोड्या वेळाने परतली ती काप्तान, तेर्यो आणि बेड्या घातलेल्या तोमोयला घेऊन. त्याची बायकोही तान्ह्यासकट मागोमाग आली आणि बाहेर थांबली. काप्तान दारातच कुरकुरले, "मॅडम, ही वागायची पद्धत नव्हे. तुमची बदली होईल."

"होऊ दे. जिथे जाईन तिथेही फ्यूज असतीलच." तिने तिन्ही फ्यूज टेबलावर मांडले. "मोटार सुरू होताना एकदम जोराचा करंट ओढते. साधा फ्यूज तेवढ्यानंच उडेल, म्हणून मोटारीला हा दमानं घेणारा लावतात. सुरुवातीचा झटका हा सोसतो. पण जास्तीचा भार टिकून राहिला की हा उडतो, आणि वायरी एकमेकींना चिकटल्या तर तत्क्षणी उडतो. परवा या लाइनीवर दोन कॉम्प्रेसर चालले. वायरी तापल्या, वितळल्या, चिकटल्या. तरी हे तिघं शाबूत. कसे?"

तिने एक फ्यूज काप्तानांपुढे सरकवला.

"कारण ते तिथे नव्हते. पेटीचा रंग उकळला, पण यांचा पुठ्ठा करपला नाही. काजळी बोटांनी फासलेली आहे. त्या काजळीखाली मेणाचा थेंब आहे. आगीत मेण टिकतं का, काप्तान?"

"नाही," काप्तान नाइलाजाने म्हणाले.

"आग विझल्यावर, सील लागण्याआधी कोणीतरी हे परत बसवले. किल्ल्या दोन. एक मुकादमाची, ती त्याच्या कमरेला आणि तो दवाखान्यात."

तिने देव्हाऱ्यातली फुलदाणी उचलली आणि एक फ्यूज मेणातल्या मोकळ्या जागेत ठेवला. पात्यांसकट चपखल बसला. दुसराही बसला, तिसराही.

दोन्यांच्या हातातली जपमाळ थांबली.

"पेटीत फ्यूजऐवजी काय होतं, मानोंग तेर्यो?" ओफेलियाने विचारलं. "आता तरी बोला. म्हाताऱ्याला आगीतून ओढणारा माणूस इतका भेकड नसतो."

तेर्योच्या डोळ्यांत पाणी आलं. "तांब्याच्या नळीचे तुकडे. दोन्या म्हणाल्या, फ्यूज उडाले तर हंगाम बुडेल. मी नळी कापली, मीच बसवली. आग लागल्यावर ते तुकडे कुठे गेले, मला ठाऊक नाही." मग तोमोयकडे न बघता तो म्हणाला, "तू सांगत होतास, पोरा. मी तुला हसलो."

"मला नका सांगू," तोमोय म्हणाला. "तातय उस्तिंगच्या बायकोला सांगा."

दोन्या ताठ बसून राहिल्या. "हो, बदलले फ्यूज. माझा कारखाना, माझी पेटी."

"मग हे समुद्रात का नाही फेकलेत, दोन्या? नवे आणून लावले असतेत तर मला काहीच सापडलं नसतं."

"फेकू?" म्हातारी पहिल्यांदाच घाबरली. "त्यांच्यावर पादुगोचं रक्त आहे! ते फेकलं तर यंत्र पुन्हा रक्त मागतं. म्हणून बाळाच्या पायाशी जपून ठेवले. रोज त्यांच्यापुढे मेणबत्ती लावली मी."

काप्तानांनी टोपी काढली. मग पुढे होऊन तोमोयच्या बेड्या सोडल्या आणि त्याच बेड्या हातात धरून दोन्यांसमोर उभे राहिले. बाहेर तान्हं रडायला लागलं, तसा तोमोय कोणालाही न विचारता धावत गेला.

ओफेलियाने मेणातून फ्यूज एकेक करून उचलले.

"उडणं हेच यांचं काम होतं, दोन्या. तुम्ही यांना वाचवलंत, म्हणून उस्तिंग गेला."